चांदीच्या जुन्या रुपयावरचे रंग: आपसूक आलेले की चढवलेले, कसं ओळखायचं?

आजीच्या खणाच्या बटव्यात बावीस रुपये होते, सगळे चांदीचे. बहुतेक पंचम जॉर्जचे, तीन एडवर्डचे, एक राणीछाप. ती गेल्यावर बटवा माझ्याकडे आला तेव्हा मी कॉलेजात होतो आणि नाण्यांतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. काही रुपये कडेने निळे-जांभळे दिसत होते. मला वाटलं, कसलातरी गंज असेल. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात चिंच, मीठ आणि रांगोळी घेऊन मोरीत बसलो आणि एकवीस रुपये घासून लख्ख केले. बाविसावा देव्हाऱ्यातल्या डबीत होता म्हणून वाचला.

पुढे नाण्यांचा नाद लागला तेव्हा कळलं, की त्या निळ्या-जांभळ्या रंगाला संग्राहक ‘टोनिंग’ म्हणतात आणि त्यासाठी नेहमीच्या भावापेक्षा बरेच जास्त पैसे मोजतात. चुटपुट लागली. तिच्या भरात एका प्रदर्शनातून १९०७चा एक भडक निळा रुपया घेऊन आलो, तर तो रंग मुद्दाम चढवलेला निघाला. घरचं घालवलं आणि बाजारातून फसवणूक विकत आणली, असा तो हिशेब. त्यानंतर पंधरा वर्षांत जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितोय. आपल्याकडे घरोघरी निघतात ते ब्रिटिश काळातले चांदीचे रुपये, म्हणून उदाहरणं त्यांचीच घेतली आहेत.

आधी जमवाजमव

- दहापट मोठं दाखवणारं भिंग. सोनाराकडे असतं तसं. वीसपटीच्या मागे लागू नका, त्यात एका वेळी एखादंच अक्षर दिसतं.
- ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा.
- एकाच दिशेने उजेड टाकणारा टेबललॅम्प. ट्यूबलाइटखाली नाण्याचा रंग नीट कळत नाही.
- लोहचुंबक.
- शुद्ध अ‍ॅसिटोन, प्रयोगशाळेची रसायनं विकणाऱ्या दुकानातलं, आणि झाकणाची काचेची छोटी बरणी.
- पांढरा कोरा कागद, जुना मऊ टॉवेल.

नाणं नेहमी टॉवेलवर धरून बघायचं, दोन बोटांनी, फक्त कडेला. बोटाचा घाम चांदीवर ठसा सोडतो आणि तो काही महिन्यांनी काळा होऊन वर येतो.

१. आधी नाणं खरं आहे का ते बघा

रंगाच्या नादात लोक हेच विसरतात. बनावट रुपयाचे दोष झाकायला रंगासारखी दुसरी सोय नाही.

पूर्ण वजनाचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. त्यात चांदी ९१.७ टक्के, बाकी तांबं. वापरून झिजलेला थोडा हलका भरतो, ते चालतं. जड भरला तर मात्र हात आखडा. १९४०पासून सरकारने चांदी निम्म्यावर आणली: ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, निकेल आणि जस्त प्रत्येकी ५ टक्के. १९४७चा रुपया तर निकेलचाच, तो चुंबकाला चिकटतो. चांदीचा चिकटत नाही.

ही मिसळ रंगासाठी महत्त्वाची आहे. तांबं जितकं जास्त तितकी मळकट, तांबूस-करडी छटा येण्याकडे कल. १९४२च्या रुपयावर कुणी स्वच्छ मोरपंखी निळा दाखवला, तर मी तरी दोनदा बघेन.

आणि रुपया फरशीवर वाजवून बघायची जुन्या लोकांची सवय सोडा. खणखणीत वाजेल, पण कडेला टोला बसेल तो कायमचा.

२. रंग येतो कुठून, हे एकदा समजून घ्या

हवेतलं आणि कागदा-कापडातलं गंधक चांदीला लागतं आणि वर सिल्व्हर सल्फाइडचा थर धरतो. हाच थर जाड झाला की आपण म्हणतो ‘चांदी काळी पडली’. पण पातळ असताना, म्हणजे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास असताना, तो रंग दाखवतो. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर पेट्रोल सांडलं की जे रंग उमटतात, त्यातलाच हा प्रकार. थराच्या वरून परतणारा उजेड आणि खालच्या चांदीवरून परतणारा उजेड एकमेकांत मिसळतात. थराच्या जाडीप्रमाणे काही रंग मारले जातात, काही उठून दिसतात. नाण्यावर निळं असं काहीच लागलेलं नसतं.

आता अडचणीची गोष्ट. गंधकाच्या रसायनात नाणं बुडवून दोन मिनिटांत आणलेला थरही सिल्व्हर सल्फाइडचाच असतो. म्हणून रसायन बघून निवाडा होत नाही. थर सावकाश, एका बाजूने, अडथळे टाळत वाढला की एका फटक्यात सगळीकडे बसला, एवढंच बघायचं असतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

३. रंगांचा क्रम वाचा

ही पायरी सगळ्यात कामाची, म्हणून इथे जरा थांबतो.

थर वाढत जातो तसे रंग ठरलेल्या क्रमानेच येतात. कोऱ्या पांढऱ्या चांदीवर आधी साजूक तुपासारखा फिकट पिवळा. मग मधासारखा सोनेरी. मग तांबूस-डाळिंबी, त्यातून जांभळा, जांभळ्यातून गडद निळा, मग फिकट आकाशी. इथे पहिली फेरी संपते. थर आणखी वाढला तर पुन्हा पिवळा येतो, या वेळी लिंबट. मग गुलाबी, मग हिरवा. त्यापुढे रंग मळत जातात आणि करडा-काळा उरतो.

देव्हाऱ्यातून वाचलेला माझा बाविसावा रुपया १९१९चा आहे. तो दिव्याखाली धरला की राजाचा गाल आणि मुकुट जवळजवळ पांढरे दिसतात. खांद्याशी तुपट झाक सुरू होते. झग्यावरचा तो छोटा हत्ती मधाच्या रंगात आहे. (हा हत्ती १९११च्या पहिल्या नाण्यांवर डुकरासारखा दिसला आणि गदारोळ झाला, म्हणून पुढच्या वर्षी सुधारून काढला.) अक्षरांच्या पायाशी डाळिंबी-जांभळा, आणि अगदी काठाला, अर्ध्या मिलिमीटरच्या पट्टीत, मोरचुदासारखा निळा. मध्यापासून काठाकडे जाताना एकही रंग गाळलेला नाही, कारण थर काठाकडून आत येताना प्रत्येक जाडीतून गेला आहे.

चढवलेल्या रंगात हा क्रम बहुधा तुटतो. पांढऱ्याला खेटून एकदम निळा लागतो, मध्ये पिवळ्या-तांबड्याची पुसटही रेघ नसते. किंवा ठसठशीत हिरवा डाग असतो आणि त्याच्या आसपास गुलाबी-पिवळ्याचा पत्ता नसतो. हिरवा हा उशिरा येणारा पाहुणा आहे, तो आधीच्यांना ओलांडून एकटा येत नाही.

माझ्या १९०७च्या रुपयावर नेमकं हेच होतं. राजाच्या मानेजवळ पांढरा, आणि तिथून केसभर अंतरावर जांभळट निळा. मी तेव्हा त्याला ‘सुंदर कॉन्ट्रास्ट’ म्हटलं होतं.

४. नाणं कुठे पडून होतं, ते नाण्यालाच विचारा

खरा रंग साठवणीचा नकाशा असतो. काही नेहमीचे नकाशे:

चळत. रुपयांची चळत कापडात किंवा कागदात गुंडाळून ठेवली, तर मधल्या नाण्यांना फक्त काठाकडून हवा लागते. त्यांच्यावर काठाला गोल कडं येतं आणि मध्य पांढरा राहतो. चळतीच्या टोकाच्या नाण्याची एक बाजू पूर्ण रंगते, दुसरी जवळजवळ कोरी राहते. हे अगदी स्वाभाविक आहे.

थैली. नाणी एकमेकांवर तिरपी पडली असतील तर रंगात चंद्रकोरीसारखी स्वच्छ कमान दिसते. तिथे दुसरं नाणं टेकलेलं होतं. कधी कापडाची वीणही उमटते. अमेरिकेत मॉर्गन डॉलर हजार-हजारांच्या कापडी थैल्यांत सरकारी तिजोऱ्यांत अनेक दशकं पडून होते. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ते मोठ्या संख्येने बाहेर आले. रंगीत नाण्यांचं वेड तिकडे मुख्यतः याच डॉलरांनी लावलं.

कागदी पाकीट, पुठ्ठ्याचा अल्बम. पुठ्ठ्यात गंधक असतं. नाण्याचा काठ पुठ्ठ्याला लागून असल्याने रंग तिथून आत सरकतो.

जमिनीतलं गाडगं. इथून आलेलं नाणं काळपट, खरबरीत, मातीचं पुट चढलेलं असतं. ‘शेतात सापडलेलं’ म्हणून कुणी इंद्रधनुष्य दाखवलं तर चहा पिऊन निघा.

विकणाऱ्याने सांगितलेली गोष्ट आणि हा नकाशा जुळला पाहिजे. दोन्ही बाजूंना अगदी सारखे, सारख्याच गडद रंगाचे ढग असतील, तर मी विचारतो, ‘हे कशात ठेवलं होतं?’ नाणं गंधकाच्या धुरात लटकवलेलं असेल तर उत्तर द्यायला समोरचा जरा अडखळतो. ‘संस्थानिकांच्या खजिन्यातलं आहे’ हे उत्तर नव्हे. खजिन्यातही नाणं कशाततरी ठेवावंच लागतं.

५. झळाळी आणि झीज

नाणं दिव्याखाली सावकाश कलतं करा. टाकसाळीतून निघाल्यावर फारसं न वापरलेल्या नाण्यावर उजेडाचे दोन पट्टे सायकलच्या आऱ्यांसारखे फिरतात. खऱ्या टोनिंगमध्ये थर पातळ असल्याने ही झळाळी रंगाच्या खालून फिरताना दिसते. रसायनाने बसवलेला रंग अनेकदा वर रंग फासल्यासारखा दिसतो आणि उजेड तिथे मरतो.

झिजलेल्या नाण्यावर झळाळी नसतेच. बाजारातून हातोहात फिरलेला रुपया बहुधा करडा होतो, खोलगट भागात काळा. राजाची दाढी घासून सपाट झालेली आणि त्यावर झगझगीत निळा-सोनेरी, हे दोन्ही एकत्र दिसलं तर नव्वद टक्के प्रश्न सुटला.

६. भिंग लावून अक्षरांच्या मुळाशी बघा

नाणं कागदाला किंवा कापडाला टेकून रंगलं असेल, तर अक्षराच्या अगदी पायथ्याशी कापड पोहोचत नाही. तिथे बारीक फिकट किनार राहते किंवा रंग एक पायरी मागे असतो. चढवलेला रंग द्रवातून आला असेल तर उलट दिसतं: द्रव अक्षरांच्या खोबणीत साचतो आणि तिथेच सगळ्यात गडद होतो, काही ठिकाणी ओघळही दिसतो.

मग ओरखडे बघा. खूप बारीक, एकाच दिशेने गेलेले समांतर चरे, आणि त्यांच्यावर रंग? म्हणजे नाणं आधी कुणीतरी घासलं (माझ्यासारख्याने) आणि रंग नंतर आला. तो नंतरचा रंग आपसूक आलेलाही असू शकतो, पन्नास वर्षं कपाटात राहून. पण घासलेल्या नाण्याला चांगल्या नाण्याचा भाव द्यायचा नाही.

काठावर वरच्या बाजूला, बाराच्या काट्यापाशी, दातेरी कड सपाट झालेली किंवा झाळल्याची खूण दिसते का तेही बघा. आपल्याकडे रुपयांना कड्या लावून गळ्यात घालायची पद्धत होती. कडी काढून टाकलेल्या नाण्याला झाळताना ताप लागलेला असतो आणि त्या जागी रंगांचा गोल उमटतो. तो कुणी फसवायला केलेला नसतो, पण साठवणीतला रंगही नव्हे.

आणि आपला खास घरगुती डाग: हळद-कुंकू. लक्ष्मीपूजनातल्या रुपयांच्या अक्षरांत पिवळं-तांबडं बसलेलं असतं. नवखे त्याला ‘गोल्डन टोनिंग’ म्हणतात. मी म्हटलंय.

७. अ‍ॅसिटोनची परीक्षा (नाणं तुमचं असेल तरच)

सल्फाइडचा थर अ‍ॅसिटोनला दाद देत नाही. लाख, व्हार्निश, मार्करची शाई, तेल, हळद आणि मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांतून नाण्याला लागणारा हिरवट चिकटा मात्र त्यात सुटतो.

बरणीत नाणं बुडेल एवढं अ‍ॅसिटोन घ्या, नाणं आडवं ठेवा, झाकण लावा, पाचेक मिनिटं थांबा. घासायचं नाही, कापूस फिरवायचा नाही. काढून ताज्या अ‍ॅसिटोनमध्ये एकदा बुचकळा आणि टॉवेलवर आपोआप सुकू द्या. द्रवात रंग उतरला तर नाण्यावर काहीतरी फासलेलं होतं. नाही उतरला, तर एवढंच कळलं की वर लेप नाही. रसायनाने आणलेला सल्फाइड या परीक्षेत पास होतो, हे विसरू नका. माझा १९०७चा पास झाला होता आणि मी त्या रात्री शांत झोपलो होतो.

खबरदारी: अ‍ॅसिटोन भुर्रकन पेटतं. खिडकी उघडी, गॅस बंद, आसपास उदबत्तीसुद्धा नको. बरणी काचेचीच. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यात सुगंध आणि तेल घातलेलं असतं.

नाकाचाही उपयोग होतो. रंग ताजा चढवलेला असेल तर बंद पाकीट उघडताच कुजक्या अंड्यासारखा वास येऊ शकतो.

८. फोटोवरून घ्यायचं असेल तर

फोनमध्ये एक पट्टी सरकवली की करडा रुपया मोर होतो. म्हणून फोटो नको, व्हिडिओ मागा: खिडकीच्या उजेडात, नाणं हळूहळू कलतं करताना, दोन्ही बाजू आणि कड. नाणं पांढऱ्या कागदावर, शेजारी दहाची नवी, चॉकलेटी नोट ठेवून दाखवा म्हणावं. नोटेचा रंग आपल्याला तोंडपाठ असतो. ती भगवी किंवा जांभळी दिसली तर नाण्याचे रंगही तसलेच. धरणाऱ्याची बोटं निळी दिसत असतील तरी तेच.

हे सांगितल्यावर विकणारा चिडला तर व्यवहार तिथेच मिटतो. त्यातही फायदा आपलाच.

९. पैसे देण्याआधीचे कागद

- पक्कं बिल: नाण्याचं वर्ष, वजन, आणि ‘टोनिंग नैसर्गिक’ हे शब्द लिहून.
- परत घेण्याची मुदत, लेखी. निदान पंधरा दिवस.
- घेताना काढलेले तुमचे स्वतःचे फोटो, दोन्ही बाजूंचे.
- नाणं सीलबंद प्लॅस्टिक डबीत असेल तर प्रमाणपत्राचा क्रमांक. तो कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून तिथला फोटो आणि हातातलं नाणं जुळवायचं.

पीसीजीएस आणि एनजीसी या अमेरिकन कंपन्या नाण्याची प्रत ठरवून डबीत बंद करतात. रंगाबद्दल शंका आली तर त्या पूर्ण श्रेणी देत नाहीत. पीसीजीएसचा त्यासाठी ९१ हा क्रमांकच आहे, अर्थ ‘रंग शंकास्पद’. पण डबी दिसली म्हणून डोळे मिटू नका. डब्याही बनावट निघतात, आणि खऱ्या डब्या हवाबंद नसल्याने आतला रंग वर्षानुवर्षांत बदलू शकतो.

इथे कायद्याचा एक खड्डा आहे. पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं ‘पुरावशेष’ ठरतं आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. पंचम जॉर्जचे बहुतेक रुपये आता त्यात बसतात. ‘येताना आजोबांचे दोन रुपये घेऊन ये, इथे ग्रेडिंग करून घेतो’ असं अमेरिकेतला भाऊ म्हणाला, तर त्याला नाही म्हणा.

१०. डोळा तयार करायला कुठे जायचं

वाचून फार होत नाही, नाणी बघावी लागतात. मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाणे संग्रहालय आहे. नाशिकजवळ अंजनेरीला भारतीय नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे, तिथेही संग्रहालय आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी-बुधवारी चक्कर मारा, पण पहिले सहा महिने पाकीट घरी ठेवून. ढिगातले कमी किमतीचे करडे, डागाळलेले रुपये हातात घेऊन बघा. साधा, कंटाळवाणा, खरा रंग शंभर नाण्यांवर पाहिला की खोटा एका नाण्यावर खटकतो. कशामुळे खटकला ते सांगायला मात्र मला अजूनही कधीकधी वेळ लागतो.

११. घरी आणल्यावर

मऊ, वास येणारी प्लॅस्टिक पाकिटं टाळा. मायलरची, म्हणजे पारदर्शक पॉलिएस्टरची, कडक पाकिटं घ्या. मखमली डबी, रबरबँड, वर्तमानपत्र आणि लोकरी कापड नाण्यापासून लांब ठेवा. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि पावसाळ्यात ती बदला. ‘डिप’ नावाचं रंग उतरवणारं द्रावण मिळतं. ते थराबरोबर चांदीचाही पृष्ठभाग खातं आणि दोन-तीनदा वापरलं की झळाळी कायमची जाते.

संशय असलेलं नाणं सहा महिने तसंच ठेवून दर महिन्याला त्याच दिव्याखाली फोटो काढा. घाईने चढवलेला रंग कधीकधी पुढेही सरकत राहतो. माझा १९०७चा तिसऱ्या महिन्यात निळ्याचा राखाडी व्हायला लागला. परत द्यायची मुदत तेव्हा उलटून गेली होती.

घासलेले एकवीस अजून बटव्यातच आहेत. एवढ्या वर्षांत काहींच्या काठाला पुन्हा तुपट झाक आली आहे. बाविसावा आता मायलरमध्ये असतो, आणि लक्ष्मीपूजनाला ताटात तसाच पाकिटासकट जातो. आई कुरकुरते, पण हळद-कुंकू शेजारच्या सुपारीला वाहते.